उंबरठा नावाचा फोल्डर

आधीच सांगून टाकते, भूतखेत, चमत्कार, अंगात येणं... या दुकानातली मी गिऱ्हाईक नव्हे. धारला मुलींच्या शाळेत उभी हयात विज्ञान शिकवलं. पोरींच्या अंगात 'देवी' यायची ती नेमकी चाचणीच्या दिवशी. मी त्यांना हेडबाईंच्या खोलीत पंख्याखाली बसवून लिंबूपाणी द्यायचे. देवी लिंबूपाणी पिऊन निघून जायची. या अनुभवांच्या पानावर पुष्कळ जण लिहितात, "आधी माझा विश्वास नव्हता, आता बसला." माझा अजून बसलेला नाही. बसवायला गेले तर गुडघे दुखतात. झालं ते फक्त सांगते. अर्थ तुम्ही लावा, मला जमला नाही.

सध्या मी देवासला असते, टेकडीच्या पायथ्याशी, भाड्याच्या दोन खोल्यांत. हे माझं माहेरचं गाव. नवऱ्याचं घर धारला, तिथे आता थोरला मुलगा अनिरुद्ध आणि सून वैशाली. धाकटा मिलिंद इथेच, हायवेकडच्या नव्या कॉलनीत, त्याची बायको रचना सोनकच्छची, माळवी घरातली. म्हणजे दोन मुलं, दोन सुना, दोन घरं, आणि आई तिसरीकडे. लोक विचारतात, "भाभीजी, आप अकेली क्यों रहती हो?" मी सांगते, हवा चांगली आहे. खरं कारण असं की एकाकडे राहिले तर दुसऱ्याचा अपमान होतो, आणि दोघांच्याही अपमानाचं मोजमाप फार नाजूक आहे. माझा कुणी विचारत नाही म्हणून तो मजबूत आहे.

आमच्या देवासची एक गंमत परगावच्या वाचकांना ठाऊक नसेल. संस्थानाच्या काळात एकाच गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. माझे वडील सांगायचे, रस्त्याची ही बाजू थोरलीची, ती बाजू धाकटीची. चोर रस्ता ओलांडून पलीकडे गेला की अलीकडचा शिपाई हात चोळत उभा. टेकडीवर देव्यासुद्धा दोन, बडी माता आणि छोटी माता. त्याही बहिणी, आणि त्यांचंही म्हणे एकदा बिनसलं होतं. तेव्हा हे गावच्या पाण्यातच असावं. पण धारला गादी एक होती हो! आमच्या घरात देवासचं पाणी माझ्यामार्फत शिरलं म्हणायचं.

तर, महालक्ष्म्या. तुमच्याकडे गौरी म्हणत असतील. आमच्याकडे पितळेचे दोन मुखवटे, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, आमच्या तोंडी थोरली आणि धाकटी. माझ्या सासूबाईंची एक रीत होती, ती मी दुसऱ्या घरी पाहिली नाही. आवाहनाच्या दिवशी, साड्या नेसवून उभ्या करायच्या आधी, दोन्ही मुखवट्यांची उंबरठ्यावर 'भेट' करायची. एक मुखवटा सासूच्या हातात, एक सुनेच्या, आणि कपाळाला कपाळ टेकवायचं. थोरलीला लाल कुंकू, धाकटीला केशरी. भेट झाली की लालाला केशरी लागायचं, केशरीला लाल. ते पुसायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, "वर्षभर कुठे कुठे असतात बिचाऱ्या, आधी एकमेकींना ओळखू देत. यांची भेट चुकली तर घरातल्यांची चुकते."

आणि त्या वेळची मी! नवी सून, बीएस्सी, दोन वेण्या, लग्नाच्या हिरव्या बांगड्यांच्या वर मनगटी घड्याळ. लोकांना दिसावं म्हणून बांगड्यांच्या वर. मी धाकटीला हनुवटीखाली दोन बोटांत धरायचे, प्रयोगशाळेत परीक्षानळी धरतात तशी. सासूबाई वैतागायच्या, "अगं, ती काय ॲसिड आहे? नीट धर." मी म्हणायचे, "आई, पितळेला पितळ भेटून काय होणार? फार तर आवाज होईल." काय ती अक्कल! आज ती पोरगी समोर आली तर घड्याळ काढून घेईन आणि दोन वेण्यांची गाठ मारीन.

नवरा गेला त्यानंतरच्या पहिल्या भाद्रपदात मुलांचं वाजलं. अनिरुद्धचं म्हणणं, कुलाचार थोरल्याकडे. मिलिंदचं म्हणणं, वैशाली नोकरी करते, बाहेरून भाज्या मागवते, आणि माझी रचना सोळाच्या सोळा स्वतः करते. मग अनिरुद्ध बोलू नये ते बोलला, "तिला आरती तरी येते का? माळवी लोक ते." रचना आरती पुस्तकातून वाचून म्हणते आणि आमच्याहून कमी चुकते. मी हे सांगणार, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेले. तेवढ्या वेळात माझ्या सख्ख्या भावाने, देवासच्या मामाने, तोडगा काढला, "भिया, दोन आहेत ना? मग लढता कशाला! आपल्या देवासला नव्हत्या का दोन पाती? एक-एक घेऊन टाका."

मी पदराला हात पुसत बाहेर आले तर मुखवट्यांच्या डब्यात एक खळगा रिकामा होता. थोरली धारला राहिली, धाकटी देवासला निघाली होती. जगात कुठल्या मराठी घराने महालक्ष्म्यांची वाटणी केली असेल? आमच्या घराने केली. मामा तर खूश! न्याय झाला म्हणाला आणि दोन पुरणपोळ्या जास्त खाऊन गेला.

आता कंप्युटरकडे येते, कारण गोष्ट त्याचीच आहे.

कंप्युटर अनिरुद्धने दिला. त्याने नवा घेतला तेव्हा जुना आईला. त्यात त्याचा 'ढग' आधीपासून होता. म्हणजे तुम्ही काही साठवलं की ते वर कुठेतरी जातं आणि त्याच्या घरीही दिसतं. वर्षभराने मिलिंद आला, बघून म्हणाला, "आई, ये क्या पुराना लगा रखा है," आणि त्याने त्याचा ढग टाकला. पहिला काढला नाही, कारण दादाचा पासवर्ड विचारावा लागला असता आणि त्यासाठी दादाशी बोलावं लागलं असतं. झालं. माझ्या टेबलावर दोन पाती.

वाटणीनंतर मी एक युक्ती काढली होती. महालक्ष्म्यांना मी कुणाकडेच जात नाही, एकाकडे जेवले तर दुसऱ्याकडे उपाशी. म्हणून आवाहनाच्या दिवशी दुपारी दोघांना एकाच व्हिडिओ कॉलवर घ्यायचे. दोन चौकटी शेजारी-शेजारी. डावीकडे धारची थोरली, उजवीकडे देवासची धाकटी. मुलं कॅमेरा देवीकडे वळवून स्वतः मागे थांबायची, एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून. दोन्हीकडच्या आरत्या ऐकू यायच्या, पण तालात नाही. एक 'जय देवी' संपायच्या आत दुसरी सुरू. आणि मी दोन कळा एकत्र दाबायचे. पडदा क्षणभर अंधारतो, आणि पडद्यावर जे असेल त्याचा फोटो निघतो. स्क्रीनशॉट. त्या चौकटींमध्ये बोटभरसुद्धा अंतर नसतं. माझ्यापुरती तीच भेट. सगळ्या जगात थोरली-धाकटी एकत्र दिसतील अशी ती एकच जागा उरली होती.

पण फोटो काढला की खालच्या कोपऱ्यात एक पाटी यायची, "स्क्रीनशॉट आमच्याकडे ठेवू का?" ती मिटवते न मिटवते तोच दुसऱ्या ढगाची पाटी, "आमच्याकडे ठेवू का?" हळदीकुंकवाला दोन विहिणी एकाच बाईला ओढतात तसं. मी बापडी दोघांनाही हो म्हणायचे. म्हटलं, फोटोच आहे, दोन्हीकडे राहू दे. आईचं चुकतं ते इथेच, तिला वाटतं एकच वस्तू दोघांना पूर्ण मिळू शकते.

गेल्या वर्षी दिवाळीत धारला अनिरुद्धच्या साहेबांचं कुटुंब फराळाला आलं. त्याच्या टीव्हीवर ढगातले फोटो आपोआप फिरत असतात. फिरता फिरता माझा स्क्रीनशॉट आला. साहेबांच्या बाई म्हणाल्या, "अरे वा, दूसरी वाली किसके घर है?" अनिरुद्धला सांगावं लागलं, भाऊ आहे. आहे म्हणजे, देवासला आहे. मग भावाला का नाही बोलावलं?... वगैरे. पाहुणे गेल्यावर त्याने काय केलं असेल? फोटो काढून टाकला असता तर मी समजले असते. त्याने तो मधोमध कापला. थोरली ठेवली, धाकटी उडवली. मिलिंदला ते कळलं, रचनाच्या कुठल्याशा नातेवाइकाकडून. त्याने त्याच्या ढगात उलटं कापलं. मी माझ्या कंप्युटरवर बघायला गेले तर एका ढगात डावा अर्धा, दुसऱ्यात उजवा. आधीच्या सगळ्या वर्षांचेही तेच. फोन केला तर दोघंही एकच वाक्य बोलले, शब्दाला शब्द, "आई, माझ्या ढगात माझं राहू दे ना." बाकी कशात जुळत नाही, यात जुळलं!

वर दोघांनी बजावलं, यापुढे दुसरा असेल त्या कॉलवर मी येणार नाही.

मी रडले नाही. मी चिडले. चिडलेली विज्ञान शिक्षिका काय करते? सूचना वाचते. एका दुपारी चष्मा पुसून बसले. पहिल्या ढगाच्या सेटिंगमध्ये गेले, 'स्क्रीनशॉट आपोआप इथे जतन करा' यावरची खूण काढली. लगेच दुसरा ढग उडी मारून पुढे, "मग मी करू?" त्याचीही खूण काढली. मग माझा स्वतःचा एक फोल्डर केला, याच कंप्युटरच्या पोटात, कुठल्याही ढगाच्या हाताला न लागणारा. नाव दिलं 'उंबरठा'. स्क्रीनशॉटच्या फोल्डरवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह, आणि जागा बदलून 'उंबरठा'. त्याने विचारलं, खात्री आहे? म्हटलं, बाबा, एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न विचारणारा तू पहिला. आहे. करून पाहिलं. दोन कळा, पडदा अंधारला, आणि फोटो निमूट उंबरठ्यात येऊन बसला. कुणी पाटी उडवली नाही. नोकरी लागल्याच्या दिवशीसुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

फक्त आता ठेवायला काही नव्हतं.

यंदाचं आवाहन. दुपार. नुकताच चहा केला होता, कप हातात गरम होता. हे अशासाठी सांगते की काही हुशार वाचक म्हणतील, आजीला डुलकी लागली. आधी अनिरुद्धला फोन केला. "आई, तो आहे का कॉलवर? असेल तर मैं नहीं." मिलिंदला केला. "दादा सॉरी म्हणाला का? मग कशाला!" दोन्हीकडे मागून घंटा ऐकू येत होती. फोन ठेवला.

कंप्युटर चालू होता. पडद्यावर काही नव्हतं, नुसतं निळं पटांगण आणि कोपऱ्यात कचऱ्याची टोपली. मला काय सुचलं कोण जाणे... खरं सांगते, श्रद्धा वगैरे नव्हती, खुन्नस होती. म्हटलं, तुम्ही नाही येत? मी रिकाम्या पडद्याचा फोटो काढीन आणि तीच भेट म्हणीन. उठून कुंकवाची कोयरी आणली, टेबलावर ठेवली, आणि सासूबाईंच्या थाटात मोठ्याने म्हटलं, "आधी एकमेकींना ओळखू देत." आणि दोन कळा दाबल्या.

पडदा अंधारला. नेहमी पापणी लवते तेवढाच अंधारतो. या वेळी तसाच राहिला. मी म्हटलं, गेला वाटतं. मग उजळला. तेच निळं पटांगण, तीच टोपली.

'उंबरठा' उघडला. त्यात एक नवा फोटो होता. तो निळा नव्हता.

दोन्ही मुखवटे होते. चौकटी नाहीत, मधली रेघ नाही. लाकडी उंबरठ्यावर कपाळाला कपाळ टेकलेलं. थोरलीच्या नाकात हिरव्या खड्याची नथ, ती मी कधी पाहिली नव्हती. धाकटीच्या भांगावर बोर, म्हणजे माळवी बायका कपाळाच्या वर घालतात तो गोल दागिना. आमच्या मराठी घरात बोर आलाच नव्हता कधी. लालावर केशरी लागलेलं, केशरीवर लाल. थोरलीच्या मागे एक म्हातारा हात, मनगटावर सासूबाईंचं गोंदण. धाकटीला हनुवटीखाली दोन बोटांत धरणारा एक तरुण हात. परीक्षानळी धरल्यासारखा. हिरव्या बांगड्या, आणि त्यांच्या वर... घड्याळ.

त्या हाताला मी ओळखत नाही असं कसं म्हणू? त्याच हाताने चहाचा कप खाली ठेवला ना मी. सुरकुत्या तेवढ्या वाढल्यात.

संध्याकाळी दोघी सुनांनी आपापल्या घरच्या महालक्ष्मीचे फोटो फोनवर पाठवले, दर वर्षी पाठवतात. वैशालीने लिहिलं होतं, 'आई, यंदा नवी नथ केली, सरप्राइज.' हिरवा खडा. रचनाने हिंदीत, 'मम्मीजी, मेरी नानी का बोर पहनाया, गुस्सा तो नहीं होंगी?'

मी लगेच दोघा मुलांना तो फोटो पाठवायला गेले. फोनवर पोचला तो निळा. नुसतं पटांगण आणि टोपली. पुन्हा पाठवला. निळाच. कंप्युटरवर उघडावा तर भेट, पाठवावा तर टोपली. मग मला वाटलं, बघू तरी कुठल्या ढगाने हे कारस्थान केलंय. फोटोवर उजवी टिचकी मारून प्रॉपर्टीज उघडलं. बाकी सगळं भरलेलं होतं. 'लोकेशन'पुढे काहीच नव्हतं. कोरं. आधी करून पाहिलेल्या फोटोपुढे जागा लिहिलेली, याच्यापुढे नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे जेवणाच्या दिवशी, मिलिंद डबा घेऊन आला. दारातूनच, "आई, पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील गळतंय जरा, पकड." हातात गाडीची किल्ली, निघायच्या तयारीत. मी म्हटलं, "बस, एक फोटो बघ."

"ढग भरला का पुन्हा?"

"ढगात नाहीये. बघ."

तो वाकला. किल्लीचा आवाज थांबला. मग बोट पडद्याजवळ नेलं, टेकवलं नाही. "हे तुझं घड्याळ ना? शाळेत घालायचीस ते? मी लहानपणी त्याची किल्ली तोडली होती."

"हो. दादाचं नाव घेतलं होतंस."

तो हसला. आणि मग म्हणाला, "दादाला दाखवलंस?"

एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून सरळ 'दादा' ऐकलं नव्हतं. 'तो', 'धारवाले', 'तुझा मोठा'... सगळं ऐकलं होतं. हे म्हातारपण फार मूर्ख असतं, लगेच ताटं मांडायला लागतं. मनात मी दोघांना शेजारी बसवून वाढायलासुद्धा घेतलं होतं. मी म्हटलं, "लाव फोन. पाठवला तर निळा दिसतो, त्याला इथे यावं लागेल. धारहून देवास काही लंका नाही."

त्याने स्वतःच्या फोनवरून लावला. स्पीकर चालू केला. पलीकडून अनिरुद्ध, "कोण?" नंबर काढून टाकला असावा.

"दादा, मी. मिलिंद. आईच्या कंप्युटरवर एक फोटो आलाय. तू ये ना एकदा. थोरली-धाकटी दोघी..."

त्याने सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं, नथीसकट. मग अनिरुद्ध म्हणाला, "नथ तुला कुठे दिसली?"

"फोटोत."

"वैशालीने आईला पाठवला, तो तू घेतलास. दोन फोटो दिले की आजकाल दोन मिनिटात पाहिजे ते बनतं. फोटो जोडायचे-छापायचे, तुझा धंदाच तो. आईचा हात पण लावलास? शाबास. म्हाताऱ्या बाईला फसवतोस?"

"दादा, माँ कसम, मी काही नाही केलं!"

"जिला फसवतोस तिचीच कसम खातोस!"

मी मध्ये पडले, "अनू, अरे मी काढलाय. मी एकटी होते."

"आई, तू बीच में मत बोल. तुला काय कळतंय त्यातलं? मला धाकटी नकोय, सांग त्याला. आणि थोरली मिळणार नाही."

मग मिलिंद जे बोलला ते इथे लिहीत नाही, इथे लहान मुलंही वाचत असतील. म्हणजे आमची नात सोडून, तिला मराठी वाचता येत नाही. म्हणूनच तर निर्धास्त लिहितेय. फोन बंद झाला. मिलिंदने किल्ली उचलली. दारात वळून मला म्हणाला, "खरं सांग आई, तूच नाही ना कुणाकडून बनवून घेतलास? आम्हाला एकत्र आणायला?"

आंबील गळून फरशीवर आलं होतं. ते पुसायला मी खाली बसले.

म्हणजे बघा. जे कुणी काय केलं असेल ते असो, देवीने, सासूबाईंनी, नाहीतर त्या घड्याळवाल्या शहाणीने, पण भेट घडवली. आणि आमच्या घराने तिच्यातूनही भांडण काढून दाखवलं. हे कौशल्य मात्र समजावून सांगता येतं, त्यात अमानवीय काही नाही.

तिसऱ्या दिवशी, विसर्जनाच्या संध्याकाळी, वैशालीचा धारहून फोन आला. ती नेहमी मोठ्याने बोलते, त्या दिवशी कुजबुजत होती.

"आई, एक विचारू? आपल्या थोरलीला केशरी कुंकू लावतात का?"

"नाही. लाल."

"मी पण लालच लावलं होतं. आमच्या घरात केशरी नाहीच आहे. पण आवाहनाच्या दुपारपासून कपाळाच्या मधोमध केशरी डाग दिसतोय. टेकल्यासारखा. मला वाटलं उजेडामुळे. आज अक्षता टाकताना जवळून पाहिलं."

वैशालीला भेटीची रीत ठाऊक नाही. तिच्या लग्नानंतर सासूबाई अंथरुणालाच होत्या, मुखवटे मी एकटीच टेकवायचे, स्वैपाकघरात कुणाचं लक्ष नसताना. आणि ती फोटोचं काही बोललीही नाही. तिला नवऱ्याने सांगितलंच नव्हतं.

"अनूला दाखवलंस?"

"दाखवलं ना. बघत राहिले आधी. मग ओलं फडकं आणून पुसलं. म्हणाले, आईला सांगायचं नाही."

"गेलं?"

मागे कुठेतरी भांडी घासण्याचा आवाज येत होता.

"लाल गेलं, आई. केशरी राहिलं."

मिलिंदला लगेच फोन केला, धाकटीच्या कपाळावर लाल आहे का बघ म्हणून. तो म्हणाला, "विसर्जन झालं, आई. कापसात गुंडाळून डबा माळ्यावर टाकला. पुढच्या वर्षी बघू." माझ्या वयाच्या बाईला माणसं 'पुढच्या वर्षी' किती सहज सांगतात!

उलगडा मी माझ्या परीने करून पाहिला. जुन्या फोटोंची सरमिसळ? त्यांत नथ नव्हती, बोर नव्हता. मुलाने बनवला? तो फोटो मी दुपारी पाहिला आणि सुनांचे फोटो आले संध्याकाळी, आणि भेटीत कोण कसं धरायचं हे सांगायला सासूबाई हयात नाहीत. डोळे? मोतीबिंदू काढलाय, मिलिंदलाही दिसला. बरं, फोटोचं काहीतरी म्हणता येईल, पण पितळेवरच्या केशरी डागाचं काय म्हणायचं? शाळेत मुलींना सांगायचे, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडा, खोटं लिहू नका. मी कोरी सोडतेय.

फोटो अजून आहे. रोज उघडते. तो हात अजून तसाच, नीट धरत नाहीच, वेंधळी. अनिरुद्ध आला नाही. मिलिंद येतो, पण पडद्याकडे पाठ करून बसतो.

आत्ता हे लिहितानाच कोपऱ्यात पाटी उडाली, 'तुमचे स्क्रीनशॉट सुरक्षित नाहीत. आमच्याकडे ठेवा.' 'नको' दाबलं. लगेच दुसऱ्याची आली.